तिसऱ्या कृतीचे काय करायचे? पाथफाइंडर बिगिनर बॉक्स आणि त्यातली लढाई

टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) खेळांत लढाई कशी असावी याविषयीचे माझे मत एका लांबलेल्या संध्याकाळी तयार झाले. पाच जणांच्या गटात त्या दिवशी एकच लढाई अडीच तास चालली आणि तेवढ्या वेळात माझ्या वाट्याला सहा पाळ्या आल्या. सहाही वेळा मी एकच वाक्य बोलले: "मी तलवार मारते." दोनदा फासा चांगला पडला, चारदा पडला नाही, आणि उरलेला सगळा वेळ मी इतरांच्या पाळ्या संपण्याची वाट पाहत बसले होते. लढाई आम्ही जिंकलो. तरीही घरी परतताना मनात एकच गोष्ट घोळत होती, की माझ्या जागी कोणीही बसून तो फासा टाकला असता तरी सगळे अगदी तसेच घडले असते.

तेव्हापासून नवा खेळ हाती आला की मी त्यातल्या लढाईला दोन प्रश्न विचारते. माझ्या पाळीत मला खरोखर काही निवडायचे आहे का, आणि मी जे निवडले त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाची पाळी बदलते का? दान नशिबाने पडते, ते पडू द्यावे. पण दान टाकण्याआधी विचाराला जागा असावी आणि तो विचार एकट्याने करायचा नसावा, अशी माझी आवड आहे. वेगळी आवड असणारे अनेक चांगले खेळाडू मला माहीत आहेत आणि त्यांच्याविषयी पुढे लिहिणारच आहे, परंतु परीक्षण करताना हातातली मोजपट्टी आधी दाखवलेली बरी.

या मोजपट्टीवर मला आजवर सर्वांत पुरी उतरलेली वस्तू म्हणजे पायझो या अमेरिकन प्रकाशनसंस्थेची 'पाथफाइंडर बिगिनर बॉक्स' ही पेटी. पाथफाइंडर हा खेळ मुळात 2009 सालचा आहे. त्याची नव्याने रचलेली दुसरी आवृत्ती ऑगस्ट 2019 मध्ये आली आणि तिच्यात पहिले पाऊल टाकणाऱ्यांसाठी ही पेटी नोव्हेंबर 2020 मध्ये निघाली. दुसऱ्या आवृत्तीचे मूळ नियमपुस्तक 640 पानांचे होते आणि त्याच्या जाडीनेच नवखा माणूस मागे सरत असे. पेटीत त्याऐवजी दोन पातळ पुस्तके आहेत, खेळाडूंसाठी 80 पानांचे आणि गेम मास्टरसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठी, 96 पानांचे. त्यांच्यासोबत फाशांचा संच, तयार पात्रांचे आणि कोरे असे दोन्ही प्रकारचे कागद, कोणकोणत्या कृती करता येतात ते सांगणारी संदर्भपत्रे, लिहून पुसता येईल असा घडीचा नकाशा आणि जाड पुठ्ठ्याच्या शंभराहून अधिक सोंगट्या मिळतात. पात्रे पहिल्या ते तिसऱ्या पातळीपर्यंत वाढतात, आणि फायटर (लढवय्या), क्लेरिक (देवाचा उपासक), विझर्ड (मांत्रिक) व रोग एवढेच चार वर्ग दिलेले आहेत. ('रोग' या शब्दाला मराठीत भलताच अर्थ असल्यामुळे आमच्या टेबलावर त्याला सगळे 'चोर' म्हणतात, आणि या लेखातही मी तोच शब्द वापरणार आहे.)

आता लढाईकडे वळते. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येकाला आपल्या पाळीत तीन कृती आणि पाळीबाहेर वापरायची एक प्रतिक्रिया मिळते. चालणे ही एक कृती आहे, वार करणे ही एक कृती आहे, ढाल उचलणे, शत्रूला धमकावणे, हुलकावणी देणे, दार उघडणे, समोरच्या प्राण्याविषयी आपल्याला काय ठाऊक आहे ते आठवून पाहणे, या सगळ्या एकेक कृती आहेत. बहुतेक मंत्रांना दोन कृती लागतात. हलण्याची वेगळी मुभा, मोठ्या कृतीची वेगळी आणि छोट्या कृतीची वेगळी, असली विभागणी इथे नाही. आमच्याकडे प्रत्येक खेळाडूपुढे मी तीन चिंचोके ठेवते आणि कृती केली की एक चिंचोका मधल्या वाटीत पडतो. दहा मिनिटांत नवख्यालाही हिशेब कळतो, आणि आणखी एक गोष्ट आपोआप घडते: दोन चिंचोके वाटीत गेल्यावर तिसरा हातात धरून माणूस विचारात पडतो.

तो विचारात का पडतो, याचे उत्तर एका साध्या वजाबाकीत आहे. वार करताना वीस बाजूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यात आपला बोनस मिळवायचा, आणि ती बेरीज समोरच्याच्या बचावाच्या आकड्याइतकी किंवा जास्त निघाली तर वार लागतो. एकाच पाळीत दुसरा वार केला तर या बेरजेतून 5 वजा होतात आणि तिसऱ्या वाराला 10. हलक्या, चपळ शस्त्रांना ही वजाबाकी 4 आणि 8 अशी पडते. शिवाय बेरीज समोरच्याच्या बचावाच्या आकड्यापेक्षा 10 ने किंवा त्याहून जास्त निघाली तर वार क्रिटिकल होतो आणि इजा दुप्पट होते. पहिल्या पातळीच्या फायटरचा वाराचा बोनस साधारणपणे 9 असतो. समोरच्याचा बचाव 16 असेल तर पहिला वार लागण्याची शक्यता 70 टक्के, दुसऱ्याची 45 टक्के आणि तिसऱ्याची 20 टक्के भरते. ज्याला माझ्यासारखे "मी तलवार मारते" हे वाक्य तीनदा म्हणायची सवय आहे, त्याला हा खेळ न ओरडता, निव्वळ आकड्यांतून सांगतो की तिसरा वार मारण्यापेक्षा दुसरे काही तरी कर.

आणि दुसरे काही तरी म्हणजे काय, ते या खेळात भरपूर आहे. फायटरने ढाल उचलली तर पुढच्या पाळीपर्यंत त्याचा बचाव 2 ने वाढतो, आणि वार तरीही लागलाच तर प्रतिक्रिया खर्चून तो वार ढालीवर घेता येतो. पोलादी ढालीचा कठीणपणा 5 असतो, म्हणजे इजेतले 5 अंक ढाल गिळते आणि उरलेली इजा ढाल आणि माणूस या दोघांनाही होते. ढालीचे स्वतःचे 20 हिट पॉइंट (इजा सोसण्याचे अंक) असतात आणि ते 10 वर आले की ढाल निकामी होते. म्हणजे प्रत्येक मोठ्या वाराला ढाल वाचवायची की अंग, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. अनेक खेळांत ढाल हा पात्राच्या कागदावर एकदा लिहून विसरून जायचा आकडा असतो. इथे ती हातात धरून वापरावी लागते, आणि मला ते मनापासून आवडते.

क्लेरिकच्या बरे करण्याच्या मंत्रातही हीच जात दिसते. एक कृती खर्च केली तर स्पर्श करून आठ बाजूंच्या एका फाशाइतके बरे करता येते. दोन कृती दिल्या तर तेच 30 फुटांवरून आणि वर 8 अंक अधिक. तिन्ही कृती दिल्या तर 30 फुटांच्या परिसरातले सगळे थोडेथोडे बरे होतात, आणि त्याच लाटेत भुताखेतांना, चालत्या सांगाड्यांना इजा होते. मंत्र एकच, पण मित्र किती दूर पडला आहे आणि आपल्याला अजून पळायचे आहे का, यावर त्याची किंमत ठरते.

एक लढाई जवळून दाखवते, कारण वरचे सगळे कागदावर कोरडे वाटते. पेटीतले साहस पूर्ण झाल्यावर मी चौघांसाठी एक छोटा प्रसंग स्वतः रचला: पडक्या गिरणीत एकच धिप्पाड राक्षस, पातळी तिसरी, बचाव 19, आणि समोर पहिल्या पातळीची चार पात्रे. फायटर खेळत होती माझी ताई, चोर खेळत होता तिचाच मुलगा, म्हणजे माझा भाचा, आणि क्लेरिक व विझर्ड माझ्या दोन मैत्रिणींकडे होते. आधी क्लेरिकने आपली एक कृती राक्षसाला धमकावण्यात घालवली आणि ते साधले. त्यामुळे तो भेदरला आणि त्याचा बचावासकट सगळा हिशेब 1 ने उतरला. मग ताईची पाळी आली. तिचा पहिला वार हुकला, दुसराही हुकला. तिसरा चिंचोका तिच्या चिमटीत होता आणि सवयीने तिचा दुसरा हात फाशाकडे गेला होता. उणे 10 च्या हिशेबाने तो तिसरा वार फक्त एकोणीस किंवा वीस पडल्यावरच लागला असता.

"आई, फासा नको टाकूस," भाचा म्हणाला. "तू त्याच्या पलीकडे जा ना. मी इकडून, तू तिकडून. कैचीत येईल तो."

ताईने सोंगटी उचलली आणि एक-एक घर मोजत राक्षसाला वळसा घालून बरोबर समोरच्या बाजूला ठेवली. दोन शत्रू दोन विरुद्ध बाजूंना उभे राहिले की मधला बेसावध ठरतो आणि त्याचा बचाव 2 ने कमी होतो. शिवाय बेसावध माणसावर चोराचा वार सहा बाजूंच्या आणखी एका फाशाने जड पडतो. 19 मधून भीतीचा 1 गेला, कैचीचे 2 गेले, राहिले 16. भाच्याचा बोनस 7 होता आणि फाशावर 10 पडले. बेरीज 17. कोणीच काही केले नसते तर तो वार स्वच्छ हुकला असता. इजेचे फासे टाकण्याआधी तो आईकडे बघून म्हणाला, "हा वार तुझा आणि काकूचा पण आहे बरं का." टेबलावरच्या पाचही जणांना त्या क्षणी कळत होते की तो औपचारिकपणे बोलत नाही, हिशेबानेच बोलतो आहे.

या एका गोष्टीसाठी मी या खेळाला इतर सगळ्या खेळांच्या वर ठेवते. एकट्या बलाढ्य शत्रूशी झुंजणे हे कबड्डीत कसलेल्या चढाईपटूला पकडण्यासारखे आहे: एकाने घोट्याला हात घातला, दुसऱ्याने कंबर धरली, तिसऱ्याने रेषेकडचा रस्ता अडवला तरच पकड होते, आणि गुण मात्र एकाच्या नावावर लागला तरी साखळी कोणाची होती ते मैदानाला ठाऊक असते. याचे गणितही मोठे सुबक आहे. बचाव 19 असताना फायटरचा पहिला वार 55 टक्के वेळा लागतो आणि क्रिटिकल फक्त 5 टक्के वेळा. भीती आणि कैची मिळून तो बचाव 16 झाला की हेच आकडे 70 आणि 20 होतात. तीन अंकांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण क्रिटिकलची शक्यता त्याने चौपट झालेली असते.

आणखी एक नियम या साखळीला पूरक आहे. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत समोरून हलणाऱ्यावर फुकटचा वार करण्याची क्षमता सर्वांना नसते. पहिल्या पातळीवर ती फायटरचे वैशिष्ट्य आहे आणि राक्षसांमध्येही ती मोजक्यांनाच असते. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या दुसऱ्या आरपीजीच्या 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीत ती जवळजवळ सर्वांना असते, त्यामुळे एकदा शत्रूला भिडले की माणसे तिथेच खिळून राहतात आणि दोन बाजू एकमेकींना फक्त झोडपत राहतात. ती आवृत्ती मी अनेक वर्षे प्रेमाने खेळले आहे. तिचा सुटसुटीतपणा, तिच्यात पात्र पाच मिनिटांत समजावून सांगता येते ही सोय, यांचे मोल मला माहीत आहे. परंतु फायटरला पहिल्या काही पातळ्यांवर तिथे चालणे आणि एक वार करणे याहून फारसे काही करता येत नाही, आणि मी ज्या संध्याकाळचे वर्णन सुरुवातीला केले, तिचे मूळ मला इथेच दिसते.

गेम मास्टरच्या खुर्चीतून पाहिले तर या खेळाचा आणखी एक गुण जाणवतो, तो म्हणजे लढाईचे वजन आधी मापता येते. चार खेळाडूंच्या गटासाठी मध्यम लढाईचे मोल 80 अंक, कठीण लढाईचे 120 आणि प्राणांतिक लढाईचे 160 धरलेले आहे. खेळाडूंच्याच पातळीचा एक शत्रू 40 अंकांचा, दोन पातळ्या वरचा 80 अंकांचा, तीन पातळ्या वरचा 120 अंकांचा. माझ्या अनुभवात हे माप विश्वासाने वापरता येते. वरचा गिरणीतला राक्षस 80 अंकांचा होता, आणि चौघे जिंकले तेव्हा क्लेरिकचे मंत्र संपत आले होते, ताई एकदा कोसळून पुन्हा उठली होती आणि विझर्डच्या पात्राच्या अंगात 3 हिट पॉइंट शिल्लक होते. मध्यम लढाई म्हणून हे जरा जास्तच घासून झाले, पण पहिल्या पातळीवर फासे रुसले की असे होते आणि ते मला चालते.

कोसळण्याचा नियमही नीट वाचण्यासारखा आहे. हिट पॉइंट शून्यावर आले की पात्र मरणपंथाच्या पहिल्या पायरीवर जाते, क्रिटिकल वाराने पडले असेल तर थेट दुसऱ्या. चौथी पायरी म्हणजे मृत्यू. प्रत्येक पाळीत कोणताही बोनस न घेता वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि 10 अधिक आपली पायरी एवढे गाठायचे. उठल्यावर अंगावर जखमेची खूण राहते आणि त्याच लढाईत पुन्हा पडल्यास एक पायरी वाढीव मोजली जाते. त्यामुळे मित्राला उठवायचे आणि तो लगेच पुन्हा पडला तरी बिघडत नाही, अशी बेफिकिरी इथे चालत नाही. ताई कोसळली तेव्हा भाच्याने आपल्या तिन्ही कृती तिच्यापर्यंत पोहोचण्यात आणि राक्षसाला दुसरीकडे वळवण्यात घालवल्या, आणि त्या पाळीत त्याने एकही वार केला नाही.

आता जे खटकते त्याविषयी. पहिली अडचण नोंदींची आहे. भेदरलेला, बेसावध, आडवा पडलेला, पकडीत सापडलेला, मळमळणारा, मंदावलेला अशा अनेक अवस्था आहेत. त्यांतल्या काही प्रत्येक पाळीच्या शेवटी एकाने उतरतात, काही आपण होऊन उतरत नाहीत. त्यात बोनस आणि उणे आकडे यांचे प्रकार आहेत, आणि एकाच प्रकारचे दोन आकडे एकत्र मोजायचे नसतात. भीती आणि कैची यांची बेरीज वर झाली, कारण ते दोन भिन्न प्रकार आहेत. ढालीसारखाच प्रकार असलेला दुसरा बोनस ढालीवर चढत नाही. नवख्या खेळाडूला हे पहिल्या दोन-तीन बैठकांत हमखास चुकते, आणि पेटीतल्या पुस्तकाने हा भाग आणखी ठळकपणे, दोन-चार सोडवलेल्या उदाहरणांसह मांडायला हवा होता असे मला वाटते. आम्ही सोंगट्यांखाली रंगीत कागदाचे कपटे ठेवून वेळ भागवली.

दुसरी अडचण विझर्डची आहे आणि ती अधिक खोल आहे. बहुतेक मंत्र दोन कृती खात असल्यामुळे ज्या तीन कृतींचे मी इतके कौतुक केले त्यांची मौज विझर्डला कमी मिळते. मंत्र टाका, एक पाऊल मागे सरा, पुढच्या पाळीत पुन्हा तेच. त्यात बलाढ्य शत्रू मंत्रांचा प्रतिकार बहुधा यशस्वीपणे करतो. इजा करणाऱ्या मंत्रांच्या बाबतीत प्रतिकार साधला तरी शत्रूला निम्मी इजा होतेच, त्यामुळे पाळी वाया जात नाही, पण मंत्र खेळणाऱ्याला दरवेळी अर्धे यश हाती घेऊन बसावे लागते. माझ्या मैत्रिणीने चार बैठका विझर्ड खेळून पात्र बदलायला मागितले आणि तिला दोष द्यावा असे मला वाटले नाही. लहान शत्रूंचा घोळका असतो तेव्हा हाच विझर्ड सर्वांवर भारी पडतो, म्हणून गेम मास्टरने पाठोपाठ एकेकटे बलाढ्य शत्रू आणू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तिसरी गोष्ट दोष म्हणावी की आवड, ते मला ठरवता येत नाही. लढाई संपली की वैद्यकी जाणणारे पात्र दहा-दहा मिनिटे घेऊन जखमा बांधू शकते आणि थोड्या वेळात गट पुन्हा ताजातवाना होतो. प्रत्येक लढाई जवळपास पूर्ण ताकदीनिशी सुरू व्हावी अशीच या खेळाची रचना आहे. ज्यांना तुटपुंजी शिदोरी, विझत आलेली मशाल आणि परतीच्या वाटेची धास्ती यांतून येणारा ताण हवा असतो, त्यांना हे पटणार नाही.

अशा खेळाडूंची परंपरा जुनी आणि आदरणीय आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या मुळाशी 1971 चा 'चेनमेल' हा सोंगट्यांचा युद्धखेळ होता, तरी त्या काळच्या अनेक टेबलांवर लढाई ही शक्यतो टाळायची गोष्ट होती. 1981 च्या बेसिक आवृत्तीत खजिना बाहेर आणला की अनुभवाचे गुण मिळत आणि राक्षसांच्या हिमतीसाठी दोन फासे टाकले जात. घाबरले तर ते पळून जात. तिथे शहाणपण लढाई सुरू होण्याआधी दाखवायचे असते. माझा एक जुना सहकारी असाच खेळतो आणि त्याला पाथफाइंडरची लढाई आखाड्यातल्या कुस्तीसारखी, दोन्ही बाजू मापून आणलेली वाटते. त्याचे निरीक्षण बरोबर आहे. मला कुस्तीच पाहायची असते, एवढाच आमच्यातला फरक.

दुसऱ्या टोकाला कथनावर चालणारे खेळ आहेत. 2010 च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'पासून सुरू झालेल्या घराण्यात पाळ्यांचा क्रमच नसतो, गेम मास्टर फासा टाकत नाही, आणि खेळाडूला दोन फासे टाकून 10 किंवा त्याहून जास्त आले तर हवे ते साधते, 7 ते 9 आले तर साधते पण काही मोजावे लागते. अख्खी लढाई वीस मिनिटांत संपते आणि चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. ज्यांना नकाशा आणि घरे मोजणे कंटाळवाणे वाटते त्यांनी तिकडेच जावे. आणि ज्यांना वार नेमका दंडावर बसला की मांडीवर, हे कळल्याशिवाय लढाई खरी वाटत नाही, त्यांच्यासाठी 1978 चा 'रूनक्वेस्ट' आणि त्याचे वंशज आहेत. तिथे वार अडवण्यासाठी वेगळा फासा टाकायचा असतो आणि इजा शरीराच्या त्या-त्या अवयवाला होते. मी तो थोडा खेळले आहे. त्यातली भीती खरी होती, पण चौघांनी मिळून डाव रचण्याचा आनंद मला तिथे कमी मिळाला.

पेटीकडे परत येते. तिच्यातले साहस ओटारी नावाच्या गावात, मासळीच्या व्यापाऱ्यांच्या तळघरात सुरू होते आणि पहिली झुंज मोठ्या उंदरांशी आहे. पुढे काय आहे ते सांगत नाही, पण ज्या क्रमाने खोल्या येतात त्याच क्रमाने नियम शिकवले जातात: एका खोलीत फक्त चालणे आणि वार करणे, पुढच्या खोलीत कौशल्याची परीक्षा, त्यानंतर सापळा, मग मंत्रांचा प्रतिकार. गेम मास्टरच्या पुस्तकात कोणता फासा केव्हा मागायचा ते जागच्या जागी लिहिलेले असल्याने, आयुष्यात कधी खेळ न चालवलेल्या माणसालाही पहिली संध्याकाळ निभावता येते. सोंगट्यांचा पुठ्ठा चांगला जाड आहे. आमच्याकडे दोन वर्षांच्या वापरानंतर फक्त दोन सोंगट्यांचे कोपरे सुटले आहेत. नकाशा घडीवर थोडा उचलून राहतो, म्हणून खेळाआधी तो रात्रभर जड वह्यांखाली ठेवावा.

घेण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. 2023 च्या नोव्हेंबरपासून या खेळाची सुधारित पुस्तके आली आणि त्यांत काही नावे बदलली. बेसावधपणाला आणि फायटरच्या प्रतिवाराला जुन्या छपाईत वेगळे शब्द आहेत, म्हणून दुकानात पडून राहिलेली जुनी पेटी आणि नवी पुस्तके एकत्र वापरताना गोंधळ होऊ शकतो. लढाईचा गाभा मात्र तोच आहे. दुसरे म्हणजे, पेटी बाहेरून येते आणि आपल्याकडे स्वस्त पडत नाही. यावर दिलासा असा की खेळाचे सगळे नियम 'आर्काइव्ज ऑफ नेथिस' या संकेतस्थळावर प्रकाशकाच्या संमतीने मोफत वाचायला ठेवलेले आहेत.

म्हणून ज्यांना अजून खात्री नसेल त्यांनी आधी तिथून फायटर, चोर, क्लेरिक आणि विझर्ड अशी चार पहिल्या पातळीची पात्रे उतरवून घ्यावीत, वहीच्या चौकटीच्या कागदावर एक खोली आखावी, तिच्यात दोन पातळ्या वरचा एकच शत्रू ठेवावा आणि प्रत्येकापुढे तीन-तीन चिंचोके मांडावेत. सोंगट्यांऐवजी बटणे चालतील. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कोणी तरी तिसरा चिंचोका हातात धरून थांबेल आणि शेजारच्याला विचारेल, "तुझी पाळी कधी आहे? मी कुठे उभी राहू?" तो प्रश्न ऐकून तुमच्या गटाला मजा आली, तर पेटी जरूर घ्या.